ढग पळवायचं यंत्र

मु. होनवाडी, ता. मुखेड
३ ऑगस्ट २०१५

चि. नागनाथ यास आजी केवळाबाईचे आशीर्वाद. वि. वि. फोन ईश्वरप्पाच्या दुकानातच लागतो, अन् तिथं सारं गाव कान लावून बसतं. म्हणून पत्र लिवतेय.

लग्नाचं वय झालं अन् तू माळावर तारं बघायचं नळकांडं मांडून बसतोस, त्यावर मी काही बोलले न्हाई. पर मागल्या अवसेला आभाळ भरून हुतं, तू आलास अन् लख्ख झालं. त्याच्या आधीच्या अवसेलाबी तसंच. आता गाव म्हणतं, केवळाबाईचा नातू लातुरातनं ढग पळवायचं यंत्र आणतो. तुझी ती तांबडी बत्ती समद्यांनी बघितली हाय. तूर जळून चालली, टँकरचा नेम न्हाई, अन् मुखेडात पुढारी नव्या जिल्ह्याच्या गप्पा हाणून राहिलेत. जिल्हा काय चाटायचा हाय? अशा वक्ताला माणसाचं डोकं जाग्यावर ऱ्हात न्हाई. शेजारच्या गुरम्माचा ल्योक लिंबाजी पारावर म्हणाला, या अवसेला आला तर यंत्रबी फोडू अन् हातबी. तो म्हणतो ते करतो.

हसू नको. मला घास गिळंना झालाय. अवसेला येऊ नको.

आभाळाकडं कमी अन् अंगाकडं जास्त बघ, म्हंजे माझे आशीर्वाद कामाला येतील.
केवळाबाई

लातूर
८ ऑगस्ट २०१५

ती. आजीस नागनाथचा शि. सा. न. वि. वि.

आजी, यंत्र ढग पळवत नाही. अवसेला अंधार असतो म्हणून मी येतो, आणि रात्री ढग हटणार असं मोबाईलवर बघूनच बस धरतो, म्हणून गावाला तसं दिसतं. ताऱ्यांच्या मधे वायूचा मोठा धुरळा असतो, त्याचे मी फोटो काढतो. धनुराशीतला धुरळा पावसाळ्यात नीट दिसतो, आणि तेव्हाच ढग आडवे येतात. यंदासारखं कोरडं आभाळ पुन्हा मिळायचं नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिलं नसतं.

पण तुझा शब्द मोडत नाही. कॅमेऱ्यापुढे एक काच लावली की त्या वायूचा तांबडा उजेड तेवढा आत येतो, चांदण्याचा बहुतेक अडतो. त्यामुळे पुनवेलाही काम होतं. राखी पुनवेला पारापुढे, सगळ्यांच्या देखत मांडतो, फोटो पडद्यावर दाखवतो. लिंबाजीकाकांनीही बघावं.

तू जेव, एवढंच मागतो.
तुझा नागनाथ

होनवाडी
२ सप्टेंबर २०१५

चि. नागनाथ यास आशीर्वाद. वि. वि. पुनवेला तुला दिसलं न्हाई ते, अन् तू गेल्यावर काय झालं ते ऐक.

पुनवेला पडद्यावर तो तांबडा धुरळा बघून बायांनी तोंडावर हात ठेवले. गुरम्मा तर कुंकवाचा करंडा सांडला म्हणाली. पर लिंबाजी पडद्याकडं बघतच न्हवता, वर बघत हुता. वर एक ढग न्हवता. म्हणजे खोट अवसेत न्हाई, यंत्रातच हाय, असं गावानं ठरवलं. तुझ्या हातातनं काढून देवळात कुलपात ठेवलं, तवा तू ओढाताण केली न्हाईस ते बरं केलंस. रिकाम्या हातानं यष्टीत बसलास, पर हात धड हुते.

काल दुपारी पाऊस आला. असा आला की ओढा वाहिला, तुरीनं मान वर केली. लोक देवळापुढं नाचले. मी उंबऱ्यातच बसून ऱ्हायले. लिंबाजी भिजत आला, माझ्या पाया पडला अन् म्हणाला, नातवाला सांगा, राग न्हाई, पर यंत्र घेऊन पुन्हा दिसला तर आमच्यानं सोडवणार न्हाई. शिव्या देणारा विसरतो. पाया पडून सांगणारा विसरत न्हाई.

यंत्र मागितलं, देईनात. दिलं तर पाऊस जाईल म्हणतात. तू कायदा सांगायला येऊ नको. दिवाळीलाबी येऊ नको. मीच लातूरला येईन, तिथंबी पाण्याचे हाल हायेत म्हणतात, तवा पाण्याची घागर संगट आणीन. यंदा पाऊस पडला म्हणून तू वाचलास असं मनात आणू नको. पुढल्या साली यंत्र कुलपात अन् आभाळ कोरडंच ऱ्हायलं, तर हीच माणसं म्हणतील, पोरानं दुसरं आणलं.

माया हाय तेवढीच हाय, लांब बसूनच घे.
तुझी आजी केवळाबाई