तोरवरची पाहुणी

कोचकोर, ४ ऑक्टोबर १९९८

चि. असिलकान हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी बातमा वहिनी गेल्यापासून आपल्या प्रार्थनाघरात आम्ही सहा म्हातारेच उरलो आहोत. सहा जणांत मिळून दात किती, ते विचारू नकोस. आमच्यामागे या दाराला कुलूप लागणार, ही धास्ती मला झोपू देत नाही. तुझ्याखेरीज सांगू कुणाला?

गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती, मेरिम. पलीकडच्या गल्लीतली नवी सून, लोकरीचे गालिचे शिवते. वहिनीच्या मौतीला आम्ही गायलो, ते तिने ऐकलं होतं. पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून आली. आम्ही काही कमी केलं नाही. दारातून थेट तोरवर, मानाच्या जागी नेऊन बसवलं. खाली दुहेरी गादी घातली, रोटीचा पहिला तुकडा तिला दिला, माहेर-सासर विचारलं, सगळ्यांनी उभं राहून तिच्यासाठी प्रार्थना केली. तिने मान काही वर केली नाही. चहा टाकून गेली ती गेलीच. पुढच्या वेळी मेंढरू कापू का?

तुझा,
तेमिरबेक दादा


बिश्केक, १५ ऑक्टोबर

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

मेंढरू राहू द्या, त्या बिचाऱ्याने काय बिघडवलंय! सुनेला तुम्ही सासऱ्याच्या वयाच्या माणसांच्या वर नेऊन बसवलंत. शिवाय तोर दारापासून सगळ्यांत लांब, म्हणजे उठून जायचीही सोय नाही. तुम्ही पुरुष जन्मभर वर बसलात, दाराशी बसण्यातलं सुख तुम्हाला काय ठाऊक?

वहिनी असती तर तिने तिला चहाच्या समोवाराशी आपल्या शेजारी बसवून चहादाणी हाती दिली असती. पाहुणीला आपण काम सांगत नाही. घरच्या मुलीला सांगतो. तुम्हीही सांगून बघा. रागावलात तरी चालेल, पण जेवण टाकू नका, अंगात काय उरलंय!

तुमची लाडकी आणि तोंडाळ,
असिलकान


कोचकोर, ५ नोव्हेंबर

चि. असिलकान हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी धुसफुसलो. आल्यागेल्याला कामाला जुंपायचं? गाव तोंडात शेण घालेल! पण काल बाजारात मेरिम समोरच आली. बोलायचं होतं एक, बोललो भलतंच. म्हटलं, वहिनी गेल्यापासून आमच्याकडे चहाचे हाल आहेत; आमच्या सहांतला सागिन पेला काठोकाठ भरतो, म्हणजे लोकांना सरळ घरी जा म्हटल्यासारखंच. ती रुमालाआड हसली. सासूबाईंना विचारावं लागेल म्हणाली.

मग मीच गेलो विचारायला, साखर घेऊन. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, की गाईच्या धारेआधी पोरगी घरी येईल ना. मी होय म्हटलं. रविवारच्या प्रार्थनेसाठी आतापासूनच समोवार घासून ठेवलाय.

तुझा धीर एकवटणारा,
दादा


कोचकोर, २१ डिसेंबर

चि. असिलकान हिस, पोटभर आशीर्वाद.

मेरिम दर रविवारी येते. समोवाराशी बसते आणि अर्धा अर्धा पेला भरून देते, पुन्हा मागायला जागा ठेवून. गाताना आधी नुसते ओठ हलायचे, आता आवाजही येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला रडू आलं. मी नाक शिंकरल्याचं सोंग केलं, सागिनला ते पटलं नाही.

काल एक ट्रकवाला आला. बर्फाने भिजलेला, दाराशी जोड्यांच्या ढिगापाशीच टेकला. जित्याची खोड कुठे जाते! मी उठलो, त्याचा हात धरला आणि वर ओढायला निघालो. तेवढ्यात मेरिम आडवी आली. तो बसला होता तिथेच तिने त्याला चहा दिला आणि मला हळूच सांगितलं, की बाबा, तुम्ही बसा, आमच्याकडे पहिल्याच दिवशी कुणाला तोरवर नेत नाहीत.

आमच्याकडे, असं म्हणाली गं ती.

मी बसलो आणि पेला पुढे केला.

तुझी माया असू दे, टोमणेही असू देत.

तुझा,
तेमिरबेक दादा