चाळीस नंबरचं इंजिन

सेलू, ६ नोव्हेंबर १९८३

चि. नरहर यास अ. उ. आ.

जमिनीवरून रेडिओने उडवायचं माझं छोटं विमान तयार झालं. पंख पाच फुटी, वजन दोन किलोच्या थोडं वर. शाळेत शिकवून आले की याच कामात असते म्हणून आई बोलते, पण पंखांवर कापड ताणताना दुसरं टोक तीच धरते.

आता इंजिनाचं ठरवायचं आहे. तुझे साहेब जर्मनीहून एकच आणणार. निवड चुकली, तर जानेवारीतली नागपूरची स्पर्धा हातची गेली. तिथल्या क्लबचे प्रभाकरराव कितीतरी वर्षं अशी विमानं उडवतात. त्यांनी ठासून सांगितलं, साठ नंबरचं मोठं इंजिन बसवा, चाळीसवर हे गवतातून उठणारच नाही. मला चाळीस पुरेसं वाटतं. तुझं मत कळव.

बाबा बरे आहेत. कापसाची वेचणी सुरू आहे.

तुझी ताई, माणिक

बंगलोर, १५ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

माझं मत प्रभाकररावांसारखंच आहे. ताकद जास्त असली तर कमी वापरता येते. नसली तर ऐनवेळी आणायची कुठून? आमच्या कारखान्यात खऱ्या विमानांवर काम करणारेही हेच म्हणाले. तू ऐकशील अशी आशा नाही, तरी लिहितो. साहेब महिनाअखेरीस निघतात, तोवर तार कर.

आईबाबांना नमस्कार. राग मानू नये, माया असू द्यावी.

तुझा नरहर

सेलू, २२ नोव्हेंबर १९८३

चि. नरहर यास अ. उ. आ.

साठचं इंजिन जितकं जड, तितकी वाळू पिशवीत भरून विमानाच्या नाकाला बांधली. पंखांखाली बोटं देऊन उचललं, तर नाक खाली गेलं. तोल यायला शेपटीत शिसं घालावं लागलं. इतकं जड विमान उतरतानाही वेगातच येणार. नागपूरचं मैदान मी पाहून आले. आखूड आहे आणि टोकाला बाभळी.

बाबा हे सगळं बघत होते. म्हणाले, तुले पटलं ना, मंग लोकाइले काऊन इचारतं?

चाळीसचीच तार केली आहे. चुकलं तर माझं चुकेल.

ताई

सेलू, २३ जानेवारी १९८४

चि. नरहर यास अ. उ. आ.

पहिला नंबर आला.

वारा आडवा होता. माझं विमान निम्मं मैदान धावलं तरी चाकं गवतातच. बघणाऱ्यांत कोणीतरी हसलं. मग ते हलकेच उठलं आणि बाभळींवरून सरळ वर गेलं. प्रभाकररावांचं माझ्याआधी झोकात उठलं होतं, पण उतरताना थांबेना; काट्यांत जाऊन पंख फाटला. मी इंजिन मंद केलं. विमान तरंगत आलं आणि पूर्ण गुणांच्या चुन्याच्या रेघेवर टेकलं. तिन्ही फेऱ्यांत असंच. प्रभाकररावांनी स्वतः येऊन ते उचलून पाहिलं, बोटांवर तोललं आणि पुढच्या विमानाचं गणित आपण मिळून करू म्हणाले.

परतताना एस.टी.त कंडक्टरने विमान टपावर टाकायला सांगितलं. सोबत आलेल्या आईने ते मांडीवरून हलवलं नाही. सेलू येईपर्यंत तिने अख्ख्या बसला सांगितलं, हे माह्या पोरीनं केलं, अन् उडवलंबी तिनंच.

पत्र येत राहो, लोभ वाढत राहो.

तुझी ताई, माणिक