बाबांचा ट्रॅक्टर आणि चौथा प्रश्न

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार.

‘तीर्थरूप’ वाचून तू सावध झाला असशील. मी तुला असं संबोधलं की घरात काहीतरी फुटलेलं असतं, हा तुझा लहानपणापासूनचा अनुभव. तसं काही नाही. (निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी नाही.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक. आईची तब्येत उत्तम आहे, इतकी की जरा काळजी वाटते. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि आई शेजारी उभी राहून दोन्हीकडचं ऐकते.

आता मुद्दा. बाबांच्या ट्रॅक्टरचं काय करायचं ते थंड डोक्याने ठरव, असं तू बजावलं होतंस आणि तीन प्रश्न लिहून दिले होतेस. इंजिन शाबूत आहे का, सुटे भाग मिळतात का, आणि दुरुस्तीला लागेल तेवढी तरी किंमत पुढे येईल का. तिन्ही उत्तरं ‘हो’ आली तर ठेवायचा, एकही ‘नाही’ आलं तर भंगारात. अर्धा ट्रॅक्टर तुझा असल्यामुळे (कुठला अर्धा, ते आपण अजून ठरवलेलं नाही) मी हे काम मनापासून केलं.

त्यासाठी नाक्यावरच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री आणले. ते माणसांशी बोलत नाहीत, फक्त यंत्रांशी बोलतात, त्यामुळे त्यांचं मत ऐकायला ट्रॅक्टरच्या बाजूला उभं राहावं लागतं. शेडमध्ये नऊ वर्षं धूळ खात पडलेल्या त्या बॉनेटखाली उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार थाटला होता. वायरी खाल्ल्या होत्या, सीटमधला काथ्या नेऊन गाद्या केल्या होत्या. टायरांना माझ्या टाचांसारख्या भेगा. रेडिएटरमध्ये पाणी ओतलं तर ते न थांबता थेट जमिनीवर आलं. मिस्त्रींनी इंजिनात वरून तेल सोडलं, आठवडाभर मुरू दिलं आणि मग हाताने फिरवून पाहिलं. फिरलं. त्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवून त्यालाच सांगितलं, “तुझं इंजिन चांगलंय. बाकीचा तू गेलास.”

सुटे भाग हवे तेवढे मिळतात, कारण असे ट्रॅक्टर अजून शेकड्यांनी फिरतायत. आणि नेमक्या त्याच कारणाने दुरुस्त करूनही किंमत येणार नाही. दुर्मिळ असता तर एखाद्या हौशी माणसाने दिवाणखान्यात नेऊन ठेवला असता. तेव्हा तुझ्या हिशेबाने दोन ‘हो’, एक ‘नाही’, म्हणजे भंगार. मी वही मिटणार एवढ्यात मिस्त्री ट्रॅक्टरला म्हणाले, “तुला विकायला दुरुस्त करू नये. चालवायला करावं. तुला चालवणार कोण?”

हा चौथा प्रश्न तुझ्या यादीत नव्हता. मी बायकोकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. (मी एकदाच चालवला होता आणि शेजाऱ्यांची विहीर अजूनही एका बाजूने बुटकी आहे.) ती म्हणाली, “तुम्ही शाळेत भूगोल शिकवा, प्रत्यक्ष भूगोल बदलायला जाऊ नका.” आई पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिने विचारलं, “काय म्हणाले मिस्त्री? कोण चालवणार म्हणाले?” मी म्हटलं, काही नाही आई. पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं की काय, अशी मला शंका आली.

मग रविवारी भंगारवाला आला. त्याने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चाकाला एक लाथ मारली, भाव सांगितला. मग त्याने शेडच्या दाराकडे पाहिलं. परत ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग मला अगदी कुतूहलाने विचारलं, “साहेब, हा आत घातला कसा?”

दादा, मी कुणाला दोष देत नाही. पाच वर्षांपूर्वी तू सुट्टीवर आलास, मोठी लाकडी दारं कुजलेली पाहिलीस आणि एवढं भगदाड कशाला म्हणून भिंत बांधून घेतलीस व तिच्यात लोखंडी चौकटीचं सुटसुटीत दार बसवलंस. घरातला एकमेव इंजिनिअर तू. टेप तुझ्या हातात होती. तू उंबरा मोजलास, खिडकी मोजलीस, गवंड्याच्या जेवणाची सुट्टी घड्याळ लावून मोजलीस. मोजायचा राहिला तो फक्त आत उभा असलेला ट्रॅक्टर. आम्ही सगळे शेजारी उभे राहून वा वा म्हणत होतो, म्हणजे आमचीही अक्कल तेवढीच.

भंगारवाल्याने मात्र एका क्षणात तोड काढली. गुरुवारी गॅस कटर आणतो, आतच तुकडे करतो आणि दारातून एकेक बाहेर काढतो. ‘तुकडे’ हा शब्द आईला पायरीवरून पहिल्या खेपेत ऐकू आला. ती उठून आत गेली. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि ते मागायची कुणाची छाती झाली नाही.

आज सोमवार. मला वाटलं, जायचाच आहे तर जाण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐकू. मिस्त्रींनी स्वतःची बॅटरी आणली, उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडल्या, रेडिएटरची गळती कसलासा लेप लावून तात्पुरती बुजवली. स्टार्टर फिरला, पण इंजिन काही पेट घेईना. डिझेलच्या नळीतली हवा काढली. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा काढली. आम्ही दोघे कोपरापर्यंत काळे झालो. तेवढ्यात आई वाळलेले कपडे काढायला आली (दोरी आम्ही कधीपासून शेडमध्येच बांधतो) आणि जाता जाता म्हणाली, “बंद करायची मूठ बाहेर ओढलेली आहे की.”

तुला आठवत असेल, हे इंजिन चावीने बंद होत नाही. एक मूठ बाहेर ओढली की डिझेल तुटतं आणि ते थांबतं. बाबांनी ट्रॅक्टर शेवटचा लावला तेव्हा ती ओढली होती. आणि बाहेर आलेली एवढी छान मूठ पाहून माझ्या बायकोने कपड्यांची दोरी तिलाच बांधली होती. नऊ वर्षं आपल्या चादरींनी मिळून ते इंजिन बंद धरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी काळे हात फडक्याला पुसले. मग आयुष्यात पहिल्यांदा ते एका माणसाशी बोलले. म्हणाले, “आई, चुकलो.”

दोरी सोडली, मूठ आत ढकलली. आणि दादा, तो आवाज. आधी काळा धूर, मग उंदरांची एक अख्खी गादी उडाली, आणि मग तीच ती टकटक. बाबा बांधावरून यायचे तेव्हा आपण हात धुवायला पळायचो ना, तीच. माझी बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती. (धुरामुळे, असं ती म्हणते.)

तर तुझ्या नियमाने निकाल भंगार असा आहे. मी तटस्थ आहे. गुरुवारच्या आत तुझं मत कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. मी तितकासा तटस्थ नाही. पत्र लिहायचं खरं कारण असं, की ट्रॅक्टर अख्खा बाहेर काढायचा तर तुझी भिंत पाडावी लागेल. तू हौसेने बांधलेली, म्हणून परवानगी हवी. तुझं उत्तर आल्याशिवाय एका विटेलाही हात लावणार नाही.

ता. क. २ (बुधवार) पत्र टाकायचं राहून गेलं. विटांना हात कुणीच लावला नाही, पण भिंत पडली. सकाळी ट्रॅक्टर सुरू असताना चुकून मागचा गियर पडला आणि तो सावकाश, कुणाचंही न ऐकता, दारासकट बाहेर आला. चूक माझी.

ता. क. ३ (गुरुवार) चूक माझी नाही. तसं लिहायला मला आईने सांगितलं होतं. ट्रॅक्टरवर ती होती. नुसती बसते म्हणाली होती. बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता त्या वर्षी सगळी नांगरट तिने केली, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं, आपण दोघे तेव्हा वसतिगृहात होतो. भिंतीतून बाहेर पडल्यावर तिने मागे वळून पाहिलं, म्हणाली, “भिंत कच्चीच होती,” आणि शेताला एक पूर्ण फेरी मारून फाटकाशी आणून लावला. मूठ ओढून, पदर सारखा करून खाली उतरली. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ती पहिल्या दिवसापासून देत होती, मीच बहिरा.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे आज आला होता. दार घेऊन गेला.

तू लवकर ये, आणि टेप आण. या वेळी शेडचं दार किती रुंद ठेवायचं ते आई सांगणार आहे, आपण दोघांनी फक्त टेप धरायची आहे.