मासेखात्याची जीप

मुलुंड

प्रिय राजारामदादा,

नमस्कार. "ह्यो कोणाच्या उपयोगाक पडलो तर माझा नाव बदलीन," असं काकी तुझ्याबद्दल म्हणाली होती, तू दहावीत असताना. तिला आता नवं नाव शोधायला सांग. तू उपयोगी पडलास, आणि तुला पत्ताही नाही. वहिनी बऱ्या आहेत ना? तुझा घसा?

घशाचं विचारते, कारण सगळं त्यानंच घडवलं. गेल्या महिन्यात तू जेवायला आलास, तेव्हा जीप आमच्या बिल्डिंगमागच्या खडीच्या क्रशरसमोर लावलीस (वॉचमननं आत घेतली नाही म्हणून मी त्याला नको ते बोलले, आता लाज वाटते). तिथे धूळ बसवायला पाण्याचे फवारे आहेत. पण ते तपासणीचे साहेब येतात तेव्हाच चालतात, आणि साहेब आधी फोन करून येतात. एरवी गॅलरीत वाळत घातलेली आमसुलं तळायला पीठ लावून ठेवल्यासारखी दिसतात. आईला तर आडवं झालं की खोकल्याची उबळ येते, म्हणून ती बसूनच झोपते.

त्या दिवशी जीपवर ‘महाराष्ट्र शासन’ वाचून तिथला मॅनेजर सर्वेश धावत आला. (खाली ‘मत्स्यव्यवसाय’ लिहिलंय, पण ते धुळीनं झाकलं होतं.) तुझा ड्रायव्हर काशीराम खोटं एक अक्षर बोलला नाही. "साहेब वर आहेत," एवढंच. सर्वेशनं वर पाहिलं, तर गॅलरीत तू! घशात बांगड्याचा काटा, डोळे लाल, खोकून बेजार.

"अरे पाणी सोडा रे! साहेबांना ठसका लागला!"

सगळे फवारे सुरू झाले. तू आणखी खोकलास, तशी खडीच्या ढिगावर ताडपत्रीही चढली. (मी तुला केळं भरवत होते, म्हणून तुझं लक्ष नव्हतं.)

त्या रात्री आई आडवी झोपली. खोकला ऐकू येईना, तशी मीच घाबरून उठले.

दोन दिवसांत फवारे पुन्हा बंद.

तुझी,
उत्तरा

ता. क. तुझी फार आठवण येते. लवकर ये.

ता. क. आणखी एक. खरं सांगू? तू नाही आलास तरी चालेल रे. जीप पाठव, दर मंगळवारी, तासभर. डिझेल, नियम, वरचे साहेब, सगळं सांगून तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. फक्त ते मला नको, आईला फोन करून सांग. तू हो म्हणालास, असं मी तिला सांगून बसलेय.