व्याह्यांचा पत्रा

मु. चिंचवड,
आश्विन शुद्ध एकादशी, शके १८७८

श्रीयुत रंगराव व्याही यांस, चाकण मुक्कामी,

ज्योतीरामचा मनापासून रामराम. मोरयाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. विहीणबाई अंबुबाईंचा गुडघा कसा आहे? (तीळतेल कोमट करून लावावे, कडकडीत नव्हे. तापवण्याबद्दल अलीकडे मला बरेच कळू लागले आहे.)

आपल्या विहिरीवरच्या इंजिनाखाली बसवायचा जाड पत्रा पहिल्यांदा आला, तेव्हा मधोमध पोक काढून आला होता. परसातल्या छपरात माझा भाता आहेच. कारखान्यातून आलो की बसत असे. अशा पत्र्याला घणाने बडवायचे नसते. पोकाच्या माथ्यावरच एक ठिपका लाल तापवायचा आणि सोडून द्यायचा. तापताना पोक आणखी वर येतो (इथे बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो), मग निवताना तिथले लोखंड आखडते आणि पत्रा आपण होऊन खाली बसतो. माणसाने फक्त मध्ये पडायचे नाही. मी तेवढा वेळ नामस्मरण करतो. शेवटी लोखंडी पट्टी आडवी धरली, खालून उजेड दिसेना, तेव्हा पत्रा पाठवला. तो परत आला. निरोप असा की इंजिनाच्या चौथऱ्यावर डुगडुगतो, आणि पत्रा नीट बसल्याशिवाय सूनबाईला दिवाळीला पाठवणे होणार नाही. ते ऐकून शालनच्या आईने करंज्यांसाठी काढलेला रवा पुन्हा डब्यात ओतला.

चूक माझीच धरून पुन्हा भट्टी पेटवली. पण आमच्या आळीत विस्तव फुकट गेलेला कुणाला बघवत नाही. शेजारच्या गोजाबाई पाण्याचा हंडा घेऊन आल्या. “अवो भाऊ, येवढी आग वाया चाललीया, पोरांच्या आंघुळीचं पाणी तरी तापंल!” शालनची आई सुभद्रा ओरडली, “व्याह्यांचा पत्रा हाय त्यो, चुलवण न्हाई!” तोवर हंडा पत्र्यावर टेकला होता. भलतीच जागा आधी निवाली आणि पत्र्याची परात झाली. दुसऱ्या दिवशी तीत कुणीतरी वांगी भाजली. (भरीत मलाही मिळाले. चांगले होते.) मग छपराला आतून कडी लावून एकेक ठिपका देत गेलो. आता पट्टीखालून केस जाणार नाही.

पत्र्यावरून शालनला कुणी बोलू नये. दोष असलाच तर तो तिच्या बापाचा. तिला आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना नमस्कार.

आपला,
ज्योतीराम

ता. क. आपले गाडीवान मारुतराव आज पत्रा न्यायला आले. तंबाखू मळता मळता सहज म्हणाले, की त्या चौथऱ्यावर ठेवलेली त्यांची चुन्याची डबी घरंगळत विहिरीत गेली. चौथरा आपण स्वतःच्या हातांनी बांधलेला, त्याबद्दल मी काय बोलावे? आसपास कुणी नसताना एकदा ताटात पाणी घालून ते ताट चौथऱ्यावर ठेवावे आणि पाणी कुठल्या कडेला धावते ते पाहावे. गवंडी लागल्यास इथून पाठवतो. चौथरा तापवून सरळ होत नाही.

पुन्हा ता. क. मारुतरावांबरोबर हे पत्र तेवढे पाठवतो आहे, पत्रा नाही. रस्ता खराब, पुन्हा पोक यायचा. तो आमच्या देवघराच्या भिंतीला टेकून उभा आहे. न्यायला शालनलाच पाठवावे. भाऊबीज झाली की शालन आणि पत्रा, दोघांनाही मी स्वतः सुखरूप आणून पोहोचवीन. रवा डब्यातून पुन्हा काढला आहे.