बेरीच्या कुकीज

खराडी,
८ ऑगस्ट २०२५

ती. द्वारकाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा मोबाइल कायम स्पीकरवर आणि बाबा कायम शेजारी, म्हणून हे पत्र डब्यात घालून पाठवतेय. आत्या, मी नोकरी सोडली. महिना झाला. आता घरी चॉकलेट चिप कुकीज करून विकते. तशा हल्ली सगळेच करतात, म्हणून मी त्यात तूप कढवल्यावर खाली उरते ती बेरी घालते.

सोबतच्या कुकीज बाबांना दे आणि ते खुशीत असताना नोकरीचं सांग. मुलगी कंपनीत आहे हे त्यांनी अख्ख्या मार्केट यार्डाला सांगून ठेवलंय. माझी हिंमत होत नाही.

माया आहेच, या कामापुरती थोडी वाढव.

तुझी,
अपेक्षा

गुलटेकडी,
११ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास,
अ. उ. आ.

तुझा बाप खुशीत कधी असतो ते कळव, तो मुहूर्त मी साधीन. कुकी खाऊन दादा म्हणाला, वाईट नाही. एवढं कौतुक माझ्या पुरणपोळीच्याही वाट्याला कधी आलेलं नाही. मग त्याने विचारलं, आणल्यास कुठून. मी घाबरून म्हटलं, कॅम्पातल्या बेकरीतून. आता त्याला त्या रोज हव्यात. काल छत्री घेऊन कॅम्पात म्हणून निघाले आणि शेजारी मुक्ताईंकडे तासभर बसून आले. डबा ताबडतोब भरून पाठव.

लोभ आहे, खोटं बोलायला लावलंस म्हणून जरा कमी.

तुझी आत्या

खराडी,
१३ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला सांगायला सांगितलं होतं, बेकरी काढायला नाही. डबा भरलाय. परवा सुट्टी आहे, तेव्हा सांगच. रोज सकाळी ऑफिसला पोचले असा मेसेज बाबांना टाकते, तेव्हा हात पिठात असतात. फार लाज वाटते गं.

रागावलीस तरी माझीच राहा.

अपेक्षा

गुलटेकडी,
१६ ऑगस्ट २०२५

चि. अपेक्षास,
अ. उ. आ.

या वेळी डबा मी उघडला, पत्रासकट. पत्राची तशी गरज नव्हती. बेकरीवाला बेरी घालत नाही, ती घरात खाऊनच संपते. पहिल्याच घासाला कळलं की हा हात आपल्या घरचा. ऑफिसात बसून डबेच्या डबे कुकीज होत नाहीत, हेही मला कळतं. तुझी आत्या मुक्ताईंकडे शिरली तेव्हा मी गॅलरीतच उभा होतो. बोललो नाही, तेवढंच तिचं फिरणं होतं.

नोकरी सोडलीस याचा राग आला, तो दोन दिवस टिकला. मला घाबरलीस याचं वाईट मात्र अजून वाटतंय.

काल यार्डातले बद्रीनाथशेठ भेटले. मुलगी हल्ली कोणत्या कंपनीत, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, स्वतःच्या.

आता मला खोटं पाडू नकोस.

तुझा,
बाबा