उंचीचं घड्याळ

१२ जानेवारी

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा टेम्पो तुमच्या दारात तीन खोकी उतरवील, घाबरू नका. दादाचं जुनं विमान भंगारात निघालं. तीस वर्षं त्याचे नटबोल्ट आवळल्याची पुण्याई, म्हणून वैमानिकासमोरची अख्खी पाटी मला मिळाली. दांडे, बटणं, घड्याळं, सगळं अस्सल. आतली जुनी यंत्रं काढून छोट्या मोटारी बसवल्यात. कॉम्प्युटरला जोडलं की काटे हलतात, दादाला घरबसल्या विमान उडवता येईल. मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवलंत तर मावेल.

लहानपणी दोन खुर्च्या आडव्या पाडून आम्ही विमान करायचो. मला भूक लागली तरी हा उतरू द्यायचा नाही, म्हणे धावपट्टी दिसत नाही अजून. पुढे त्याच्या अधू झालेल्या नजरेबद्दल मीच साहेबांना कळवलं, त्याचं उडणं सुटलं, आणि चार वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. फार आठवण येते हो त्याची.

एक लबाडी केलीय. उंची दाखवणारं घड्याळ मूळचं न ठेवता मोठ्या ठळक आकड्यांचं बसवलंय. मी पाठवलं म्हणून सांगू नका.

माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमचा धाकटा दीर, पान्या

२ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं गुपित दोन मिनिटंही टिकलं नाही. प्रत्येक स्क्रूवर, आवळून झाला की तुम्ही लावता तो लाल रंगाचा ठिपका पाहून हे म्हणाले, पान्याचंच काम. मग तासभर नुसते पाटीवरून हात फिरवत बसले. मला रडू आवरेना, स्वयंपाकघरात पळाले.

पण तुमचं मोठ्या आकड्यांचं घड्याळ दिसलं मात्र, असे भडकले की विचारू नका. "मला आंधळा समजतो का हा?" अस्सल घड्याळ पाठवा, नाहीतर खोकी परत न्या, असा निरोप आहे. भाऊजी, त्यांना ते वाचता येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण चार वर्षांनी माणूस कशात तरी रमलाय. पाठवाच.

तब्येतीला जपा, जेवणाची हयगय नको.
तुमची वहिनी

२० फेब्रुवारी

चि. पान्यास,
अनेक आशीर्वाद.

घड्याळ मिळालं, बसवलं. काचेवरचा ओरखडासुद्धा ओळखीचा निघाला. तुझ्या वहिनीला बाजारात पिटाळून एकटाच बसलो. हवा स्वच्छ, धावपट्टी आपलीच. पहिल्यांदा आपटलो तेव्हा तुझ्या मोटारीला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा चष्मा पुसला. तिसऱ्यांदा बाराशे फूट समजून निवांत बसलो होतो, आणि होतो दोनशेवर.

विमान आपटलं की पडद्यावरचं चित्र थांबतं, एवढंच. बटण दाबून पुन्हा सुरू करता येतं. मी दाबलं नाही. धाकट्यानं माझा घात केला, असं चार वर्षं जगाला सांगत सुटलो होतो. तूही मुकाट्यानं ऐकून घेतलंस, गाढवा.

मोठ्या आकड्यांचं घड्याळ तुझ्या वहिनीनं कपाटात ठेवलंय. रविवारी ये आणि बसवून दे.

तू साहेबांना कळवलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या विमानात बेचाळीस माणसं बसायची होती. त्यांना दुसऱ्या कोणीतरी नेलं, सगळी सुखरूप पोचली. त्यांच्यातल्या एकालाही तुझं नाव माहीत नाही. मला माहीत होतं, आणि मी तुझ्याशी बोललो नाही.

आहे तसाच सांभाळून घे.
तुझा दादा